गाडी ६० च्या पुढं गेली की थरथरते, ते का हे ३५० वर्षांपूर्वी सांगणारा रॉबर्ट हुक

फोर बाय फोर गाडी दारात आली की पहिलं खूळ डोक्यात शिरतं ते गाडी उंच करायचं. मोठे टायर येतात, जाड पाटे येतात, खाली चार इंच जादा जागा होते. गाडी उभी असली की वाघ दिसते. मग हायवेला लागते, काटा ६० च्या आसपास जातो आणि सीटखालून घुर्रर्र सुरू होते.

टायर बॅलन्स करून झाले, अलाइनमेंट झाली, इंजिनाच्या माउंटिंगचे रबर बदलून झाले. घुर्रर्र तिथंच.

शेवटी एखादा जुना मिस्त्री गाडीखाली आडवा होतो. प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळून बघतो आणि शाफ्टच्या टोकाला असलेल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या लोखंडी तुकड्याकडे बोट दाखवतो. गॅरेजमध्ये त्याला यूजे क्रॉस म्हणतात. हा क्रॉस ज्या सांध्यात बसतो त्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हुक्स जॉइंट असं नाव आहे.

यातला हुक म्हणजे अडकवायचा हुक नाही. तो माणूस आहे. शाळेत ‘पेशी कुणी शोधली’ या एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर असलेला तोच रॉबर्ट हुक. अकरावीला स्प्रिंगचा नियम शिकवतात तोही याचाच. एवढं सगळं नावावर असलेल्या या माणसाचा चेहरा मात्र कुणालाच माहीत नाही. का, ते पुढं येईलच.

हुकचा जन्म १६३५ चा. इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या फ्रेशवॉटर गावी. वडील चर्चमध्ये दुय्यम पाद्री. पोरगं सतत आजारी, त्यामुळं नियमित शाळा झालीच नाही. घरी बसून ते वस्तू खोलायचं. एकदा पितळेचं घड्याळ सुट्टं केलेलं त्यानं बघितलं आणि तसंच लाकडाचं करून चालवून दाखवलं. एक खेळण्यातलं जहाज केलं, त्याच्या चिमुकल्या तोफाही उडायच्या.

१३ वर्षांचा असताना वडील गेले. वाट्याला आले ४० पौंडांच्या आसपास. ते घेऊन पोरगं लंडनला गेलं, तिथं पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडं शिकायला राहिलं. पण रंगांच्या वासानं डोकं दुखायला लागलं आणि हे आपण आपलं आपणही शिकू शकतो असं वाटलं, म्हणून सोडलं. मग वेस्टमिन्स्टर शाळा. तिथं युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्यानं एका आठवड्यात संपवली असं सांगतात. सोळाव्या वर्षाच्या सुमारास पाठीला बाक यायला लागला. त्याचं स्वतःचं म्हणणं, लेथवर वाकून काम केल्यानं आला. तो बाक जन्मभर राहिला.

ऑक्सफर्डमध्ये तो रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला. बॉइल अतिश्रीमंत उमरावाचा मुलगा आणि मोठा शास्त्रज्ञ. हवेच्या दाबाच्या प्रयोगांसाठी त्याला हवा ओढून घेणारा पंप हवा होता. तो हुकनं करून दिला. बॉइलचं नाव झालं. हुक मात्र पगारी माणूस राहिला, आणि पुढच्या आयुष्यातली बरीच भांडणं समजून घ्यायला हे लक्षात ठेवलेलं बरं. त्या काळी विज्ञान हा पैसेवाल्यांचा छंद होता. हातानं काम करून पोट भरणाऱ्याला त्या मंडळीत बरोबरीचं पान वाढलं जात नव्हतं.

१६६२ मध्ये नव्या रॉयल सोसायटीनं त्याला प्रयोगप्रमुख नेमलं. काम काय, तर दर आठवड्याच्या बैठकीत तीन-चार प्रयोग करून दाखवायचे. दर आठवड्याला! एका विषयात मान घालून वर्षभर बसायची सोय नाही. हुकच्या डोक्यात दर महिन्याला नवी कल्पना यायची, तो ती अर्धी करायचा, आणि पुढच्या बैठकीचा दिवस उजाडायचा. यानं त्याला मोठं केलं आणि यानंच त्याचं नुकसानही केलं.

१६६५ साली त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली पिसू, उवा, माशीचा डोळा, बुचाच्या कापातल्या कोठड्या. त्या कोठड्यांना त्यानं दिलेलं नाव पुढं जीवशास्त्रात पेशीसाठी कायम झालं. लंडनमधला सॅम्युअल पेप्स नावाचा सरकारी अधिकारी हे पुस्तक वाचत रात्री दोनपर्यंत जागला, अशी नोंद त्यानंच रोजनिशीत करून ठेवलीय.

याच पेप्सच्या रोजनिशीत १ मे १६६५ ची आणखी एक नोंद आहे. त्या दिवशी हुक आणि सोसायटीची काही मंडळी कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थाकडं गेली होती. कशासाठी? तर घोडागाडीतले हादरे कमी कसे करायचे याच्या चाचण्या बघायला. म्हणजे सस्पेन्शनचं काम तेव्हाही चालू होतं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडन जळालं. १३ हजारांवर घरं आणि ८७ चर्च राख झाली. शहर पुन्हा उभं करायचं तर आधी कुणाची जागा कुठवर होती ते ठरवायला हवं. शहरानं नेमलेल्या मोजणीदारांत हुक होता. राखेच्या ढिगाऱ्यातून दोऱ्या-खुंट्या घेऊन तो प्लॉट मोजत, शेजाऱ्यांची भांडणं मिटवत फिरला. मोजणीची फी मिळायची आणि ती तो साठवायचा.

त्या आगीची आठवण म्हणून ख्रिस्तोफर रेन आणि हुकनं २०२ फूट उंच खांब बांधला. तो लंडनमध्ये आजही उभा आहे. हुकच्या डोक्यात वेगळीच गंमत होती. खांब आतून पोकळ ठेवायचा आणि त्याचीच आभाळाकडं तोंड केलेली दुर्बीण करायची. पण बाजूच्या रस्त्यावरून अखंड गाड्या जायच्या आणि त्यांच्या थरथरीनं मोजमाप लागेना. गाडीच्या थरथरीनं हुकला असाही चकवा दिलेला आहे.

आता येऊ सांध्याकडं.

फिरणारा दांडा सरळ रेषेत असेल तर काही प्रश्न नाही. पण एक दांडा दुसऱ्याला तिरका असेल आणि एकाची गती दुसऱ्याला द्यायची असेल तर? दोन्ही दांड्यांच्या टोकाला दोन बोटांचा चिमटा करायचा आणि मध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस बसवायचा. ही कल्पना हुकच्या आधीची आहे. इटलीच्या कार्डानोच्या नावानं युरोपात आजही याला कार्डन म्हणतात. १६६४ मध्ये गास्पर शॉट या जर्मन पाद्र्यानं अशा सांध्याचं वर्णन छापलं आणि सांगितलं की एका दांड्याची गती दुसऱ्याला जशीच्या तशी मिळते.

हुकनं ते तपासलं. आणि ते चूक निघालं.

दांडे तिरके असतील तर पहिला दांडा अगदी एकसारखा फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. फेरा संपताना दोघं पुन्हा बरोबरीला येतात, त्यामुळं डोळ्याला काही कळत नाही. कोन जितका मोठा तितकी ही ओढाताण जास्त. १० अंशांच्या कोनाला वेग दीड टक्का वरखाली होतो. २० अंशांना सहा टक्क्यांच्या पुढं.

दुसरा कुणी असता तर हा दोष लपवला असता. हुकनं त्याचा उपयोग काढला. सूर्य आकाशात एकसारखा सरकतो, पण सपाट तबकडीवरची त्याची सावली कधी भरभर, कधी हळू सरकते. सांधा ठरावीक कोनात ठेवला तर त्याचं वरखाली होणं आणि सावलीचं वरखाली होणं यांचं गणित एकच येतं. म्हणजे घड्याळाच्या गतीला हा सांधा जोडला की काटा थेट सावलीसारखा चालणार.

आणि जिथं एकसारखीच गती हवी, तिथं काय? तर एक सांधा नको, दोन लावा. पहिल्यानं जेवढं पुढं ढकललं तेवढं दुसऱ्यानं मागं ओढलं पाहिजे. हाही उपाय हुकचाच.

हे सगळं बाहेर आलं तेही एका भांडणातून. डान्झिगच्या हेवेलियस या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाचा दुर्बिणीच्या भिंगांवर विश्वास नव्हता, तो नुसत्या डोळ्यानं नेम धरून तारे मोजायचा. हुकनं १६७४ मध्ये त्याच्यावर टीकेचं पुस्तकच छापलं आणि घड्याळाच्या यंत्रानं ताऱ्यामागं फिरणारं उपकरण सुचवलं, त्यात हा सांधा होता. १६७६ मध्ये सूर्याकडं बघायच्या दुर्बिणींवरचं पुस्तक आलं, त्यात या सांध्याला त्यानं ‘युनिव्हर्सल जॉइंट’ म्हटलं. गॅरेजमधला ‘यूजे’ तो हाच.

त्याच पुस्तकाच्या शेवटी हुकनं आपल्या शोधांची यादी दिली, पण काही शोध कोड्यात लिहिले. स्प्रिंगचा नियम म्हणजे नुसती १४ अक्षरं, उलटसुलट मांडलेली. दोन वर्षांनी त्यानं कोडं फोडलं. जितकं ताणाल तितक्या प्रमाणात स्प्रिंगचा जोर वाढतो, असा तो नियम. कोडं कशाला? तर शोध चोरीला जाऊ नये आणि तारीख मात्र आपली लागावी. म्हणजे गाडीचे पाटे बदलून ती उंच करताना लागणारा नियम आणि उंच केल्यावर थरथरणारा सांधा, दोन्ही एकाच पुस्तकातले.

हा सांधा मोटारीत रुळला तो विसाव्या शतकात. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या तरुणानं १९०४ मध्ये बंदिस्त, ग्रीस भरता येणारे जॉइंट करून विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे अॅक्सल आणि ट्रान्सफर केस स्पायसरच्याच नावाचे होते. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ताकद द्यायची तर ट्रान्सफर केसमधून दोन शाफ्ट निघणार, आणि प्रत्येक शाफ्टला दोन टोकं. हुकचा सांधा एका गाडीत निदान चार ठिकाणी आला.

म्हणून थरथर शोधायची तर हुकसारखंच मोजून शोधायला लागते. समजा गाडी ताशी ६० किलोमीटरनं चाललीय, टायरचा घेर २.३ मीटर आहे आणि अॅक्सलचं प्रमाण साधारण चारास एक आहे. तर चाक सेकंदाला सातेक फेरे घेतं आणि शाफ्ट २९. टायर किंवा रिममध्ये खोट असेल तर सेकंदाला सात धक्के, गाडी हेलकावल्यासारखी होते. शाफ्ट वाकला असेल, त्यावर वेल्ड केलेलं वजन गळून पडलं असेल किंवा नुसता चिखल वाळून बसला असेल, तर सेकंदाला २९. आणि सांध्यांचे कोन जुळत नसतील तर फेऱ्याला दोन, म्हणजे ५८. हेलकावा आणि गुणगुण यातला फरक अंगाला कळतो. मोबाइलवर हादरे मोजणारी अॅप आहेत, त्यांच्यात तर आकडाच दिसतो.

मोकळ्या सरळ रस्त्यावर थरथर सुरू झाली की क्षणभर न्यूट्रल करायचं. घुर्रर्र तशीच राहिली तर इंजिन सुटलं, दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर विरते, तर संशय कोनांवर किंवा सैल क्रॉसवर. बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत टू-व्हीलवर चालतानाही पुढचा शाफ्ट फुकटच फिरत असतो, आणि लोक मागचं सगळं खोलून बसतात. पुढचा शाफ्ट सोडवून टू-व्हीलवर एक फेरी मारली की तो दोषी आहे की नाही ते कळतं. हे आधी करावं, पैसे वाचतात.

मग खूण. शाफ्ट लांबी कमी-जास्त करण्यासाठी दोन भागांत असतो, एक भाग दुसऱ्यात सरकतो. ग्रीसिंग करताना तो ओढून काढला आणि परत बसवताना दात चुकले, तर दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत राहत नाहीत. मग दुसरा सांधा पहिल्याची चूक पुसत नाही, उलट वाढवतो. म्हणून दोन्ही भागांवर बाण कोरलेले असतात. नसतील तर खोलायच्या आधी खडूनं खूण करायची, एवढं सोपं आहे, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं.

आणि शेवटी उंची. गाडी वर गेली, अॅक्सल खालीच राहिला, त्यामुळं शाफ्ट जास्त तिरका झाला. साध्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात, म्हणजे ट्रान्सफर केसचं तोंड आणि डिफरन्शियलचं तोंड एकमेकांना समांतर. पण काही गाड्यांत ट्रान्सफर केसच्या बाजूला दोन क्रॉस जोडीनं बसवलेले असतात. तिथं हुकची बेरीज-वजाबाकी त्या जोडीतच उरकते, त्यामुळं खालच्या टोकाला कोन जवळजवळ नकोच, डिफरन्शियलचं तोंड थेट शाफ्टकडं वळवावं लागतं. एका प्रकारचा हिशोब दुसऱ्याला लावून पाटा आणि अॅक्सलमध्ये पाचर ठोकली की थरथर वाढते, आणि दोष पाचर विकणाऱ्याला जातो. कोन अगदी शून्य केला तरी भागत नाही. क्रॉसच्या टोपीतल्या सुया जागच्या हलत नाहीत, एकाच ठिकाणी खड्डे पाडतात आणि सहा महिन्यांत क्रॉस खटखट करायला लागतो. एखाद-दोन अंश ठेवावे लागतात.

इकडं हुकच्या आयुष्याचे कोन काही जुळत नव्हते.

१६७५ मध्ये हॉलंडच्या ह्युजेन्सनं स्प्रिंगवर चालणारं खिशातलं घड्याळ जाहीर केलं. हुक भडकला. ही कल्पना आपली, आणि सोसायटीचा सचिव ओल्डनबर्ग यानंच ती बाहेर फोडली असा त्याचा आरोप. घाईनं राजासाठी एक घड्याळही करवून घेतलं. पण त्याच्याकडं दाखवायला पूर्ण झालेलं जुनं काम नव्हतं. अर्धी सोडलेली कामं तेवढी होती.

मग न्यूटन. १६७२ मध्ये न्यूटननं प्रकाशावर लिहिलं, हुकनं ते झोडपलं, न्यूटन ते विसरला नाही. १६७९ च्या शेवटी दोघांचा पत्रव्यवहार झाला. त्यात हुकनं मांडलं की सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असावी. जानेवारी १६८४ मध्ये रेन, हॅली आणि हुक गप्पा मारत बसले असताना हाच विषय निघाला. ग्रहाची कक्षा यातून सिद्ध करून दाखव, ४० शिलिंगांचं पुस्तक देतो, अशी पैज रेननं लावली. हुक म्हणाला सिद्धता माझ्याकडं आहे, पण इतक्यात दाखवणार नाही. त्यानं ती कधीच दाखवली नाही. हॅली केंब्रिजला न्यूटनकडं गेला आणि १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ छापून आलं.

हुकचं म्हणणं, मूळ कल्पनेचं श्रेय द्या. न्यूटननं हस्तलिखितातले हुकचे उल्लेख छाटले. यात न्याय कुणाच्या बाजूनं? सुचणं हुकला सुचलं होतं, हे खरं. पण सुचलेलं गणितानं शेवटपर्यंत नेलं न्यूटननं, आणि ते काम हुकच्या आवाक्यातलं नव्हतं. दर आठवड्याला चार प्रयोग दाखवणाऱ्या माणसाला तेवढी उसंतही कधी मिळाली नव्हती. मात्र दोन ओळींचं श्रेय देऊन न्यूटनचं काही कमी झालं नसतं.

त्याच वर्षी ग्रेस गेली. ही त्याची पुतणी, त्याच्याच घरी राहायची. तिच्यानंतर हुक घुमा झाला. शेवटच्या वर्षात डोळे गेले, पाय सुजले. ३ मार्च १७०३ ला लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातल्या आपल्या खोलीत तो वारला. फाटक्या माणसासारखा राहणाऱ्या हुकच्या खोलीत एक लोखंडी पेटी निघाली. आत आठ हजार पौंडांहून जास्त रक्कम होती.

त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. प्रकाशावरचं पुस्तक त्यानं हुक गेल्यानंतरच, १७०४ मध्ये छापलं. १७१० मध्ये एका जर्मन पाहुण्यानं सोसायटीत हुकचं चित्र पाहिल्याची नोंद आहे. त्याच वर्षी सोसायटीनं जागा बदलली आणि त्यानंतर ते चित्र कुठंच दिसलं नाही. न्यूटननं मुद्दाम गायब केलं अशी गोष्ट रंगवून सांगतात. पुरावा काहीही नाही. सामान हलवताना वस्तू हरवतात, हेही तितकंच खरं असू शकतं.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या हॅम्पशायर भागात एका घराच्या कपाटात जुन्या कागदांचा गठ्ठा सापडला. ५०० च्या वर पानं, हुकच्या हस्ताक्षरातली. लिलाव व्हायच्या आधीच सुमारे १० लाख पौंड जमवून ती रॉयल सोसायटीसाठी घेण्यात आली. त्यात बैठकींची टिपणं आहेत. आणि ओल्डनबर्ग वारल्यानंतर त्याच्या जुन्या नोंदी काढून हुकनं उतरवून घेतलेले भागही आहेत. घड्याळाच्या स्प्रिंगबद्दल आपण कोणत्या तारखेला काय म्हणालो होतो आणि ओल्डनबर्गनं त्यातलं काय लिहायचं टाळलं, हे तो त्या पानांमध्ये शोधत होता.